गोळी चुकवू नका, विचारायलाही चुकू नका

तुमच्या घरी गोळ्यांचा डबा कोण भरतं? उत्तर मला ठाऊक आहे. आपणच! रविवारी दुपारी मागचं आवरलं की चष्मा लावून बसायचं, पट्ट्यांतून एकेक गोळी काढायची आणि सोमवार, मंगळवार अशा खणांत टाकायची. मिसळणाच्या डब्यात मोहरी कुठे, जिरं कुठे हे जसं बघावं लागत नाही, तसंच पांढरी गोळी कुठली आणि गुलाबी कुठली हेही पुढे पुढे बघावं लागत नाही. हाताला सवय होते.

त्या सवयीनंच आमच्या घरी घात केला. म्हणून आज हे लिहायला बसले आहे.

आमच्या घरची गोष्ट

२०२१ च्या दिवाळीत ह्यांच्या छातीत दुखू लागलं. वय अडुसष्ट. आम्ही साताऱ्याचे. रातोरात मोठ्या शहरातल्या इस्पितळात नेलं. हार्ट अ‍ॅटॅकच होता. अ‍ॅन्जिओप्लास्टी झाली, हृदयाच्या रक्तवाहिनीत दोन स्टेंट बसले. त्याच वेळी कार्डिओग्रामवर आणखी एक गोष्ट दिसली, ती म्हणजे हृदयाचे ठोके अनियमित पडत होते. घरी येताना बाकीच्या औषधांबरोबर रक्ताच्या तीन गोळ्या मिळाल्या. अ‍ॅस्पिरिन, क्लोपिडोग्रेल आणि सकाळ-संध्याकाळ अ‍ॅपिक्सॅबान. ‘ह्या रक्त पातळ करायच्या गोळ्या आहेत, अजिबात चुकवायच्या नाहीत,’ असं बजावून सांगितलं होतं.

मी चुकवल्या नाहीत. हे लग्नाला गेले तरी गोळ्या पिशवीत, यात्रेला गेले तरी पिशवीत. तब्येत छान राहिली, तसं मोठ्या शहराला जाणंही राहिलं. मुलगा लांब, प्रवास दगदगीचा, आणि दुखत काही नाही तर डॉक्टरांकडे कशाला जायचं? जुनी चिठ्ठी दाखवली की दुकानातून गोळ्या मिळत. असं एक वर्ष गेलं, दुसरंही गेलं.

मधे मधे दात घासताना ह्यांच्या हिरड्यांतून रक्त यायचं. भाजीची पिशवी हातात धरली तर मनगटावर काळानिळा डाग उठायचा. मी म्हणायची, वय झालं. मग गुडघा दुखायला लागला. मीच दुकानातून वेदनाशामक गोळी आणली आणि आठवडाभर दिली.

२०२४ च्या फेब्रुवारीत एका सकाळी हे न्हाणीघरात कोसळले. चेहरा कापसासारखा पांढरा. तीन दिवस शौचाला डांबरासारखं काळं होत होतं, पण ते सांगायचं कसं म्हणून गप्प राहिले होते. पुरुषमाणसांची ही तऱ्हा! हिमोग्लोबिन ६.८ निघालं. दुर्बिणीतून तपासलं तर जठरात जखम होती आणि तिच्यातून रक्त झिरपत होतं. रक्ताच्या तीन पिशव्या चढवाव्या लागल्या.

तिथल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी जुनं डिस्चार्ज कार्ड मागितलं. मी प्लॅस्टिकच्या पिशवीतून काढून दिलं. त्यांनी तिसरं पान उघडलं आणि माझ्यासमोर धरलं. त्यावर स्वच्छ लिहिलं होतं : अ‍ॅस्पिरिन १ महिना. क्लोपिडोग्रेल १ वर्ष. त्यानंतर भेटावे.

ते पान मी कधी उलटलंच नव्हतं. जी गोळी महिन्याभरात थांबायची, ती दोन वर्षं मी पाण्याच्या पेल्यासकट ह्यांच्या हातात दिली होती. वर समोर उभी राहून गिळेपर्यंत पाहत होते! दोष वाटायचाच झाला तर सगळ्यांच्या वाट्याला थोडा थोडा येईल. पण मोठा वाटा माझा, हे मी मनाशी कबूल केलं आहे.

‘पातळ’ हा शब्दच फसवा

आपण ‘रक्त पातळ करण्याची गोळी’ म्हणतो, पण आमटीत पाणी घातल्यासारखं रक्त काही पातळ होत नाही. ते असतं तेवढंच दाट राहतं. फक्त गोठायला वेळ लागतो. आपल्याला कापलं की थोड्या वेळात रक्त थांबतं ते गोठण्यामुळेच. ही देवाची देणगीच आहे. पण हेच गोठणं नको तिथे झालं की जीवावर बेततं.

नको तिथे म्हणजे कुठे? डॉक्टरीणबाईंनी मला विचारलं, ‘‘तुम्ही घरी दही लावता ना?’’ म्हटलं, ‘‘लावते की.’’ ‘‘मग विरजण लावलेलं भांडं तुम्ही हलवत बसता का?’’ नाही बसत. स्थिर ठेवलं तरच दही लागतं. हृदयाचंही तसंच आहे. वरचे दोन कप्पे नेमानं आकुंचन पावतात आणि रक्त पुढे ढकलतात. ठोके अनियमित झाले की वरचे कप्पे आकुंचन पावण्याऐवजी नुसते थरथरतात. डाव्या कप्प्याला कानाच्या पाळीसारखी एक छोटी पिशवी असते. तिच्यात रक्त साचून राहतं आणि तिथे त्याची गुठळी बनते. ती सुटली आणि मेंदूत जाऊन अडकली की अर्धांगवायूचा झटका. ठोक्यांच्या या आजारात असा झटका येण्याचा धोका इतरांच्या सुमारे ५ पट असतो.

ही गुठळी होऊ नये म्हणून जी गोळी देतात, ती म्हणजे अ‍ॅपिक्सॅबान, रिव्हरॉक्सॅबान, डॅबिगॅट्रान, एडॉक्सॅबान यांपैकी एक किंवा जुन्या काळापासूनची वॉर्फरिन, असेनोकुमारॉल.

दुसरी गुठळी निराळी असते. हृदयाला रक्त पुरवणाऱ्या नळीत आतल्या भिंतीवर चरबीचा थर साचतो. तो एखाद्या ठिकाणी फाटला की रक्तातल्या बारीक चकत्या, म्हणजे प्लेटलेट्स, गुळाच्या खड्याला मुंग्या लागाव्यात तशा तिथे जमतात आणि नळी बंद करतात. हाच हार्ट अ‍ॅटॅक. नव्या बसवलेल्या स्टेंटवरही सुरुवातीच्या महिन्यांत त्या अशाच जमू पाहतात. त्यांना आवरायला अ‍ॅस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल.

तुमच्या लक्षात आलं ना? तीन गोळ्या, पण कामं दोन. ज्याला दोन्ही आजार आहेत त्याला दोन्ही कामांची गरज पडते. पण सगळी कामं सगळा काळ लागत नाहीत. इथेच आपली फसगत होते.

जास्त गोळ्या म्हणजे जास्त रक्षण नव्हे

आपल्याला वाटतं, एका कुलपापेक्षा तीन कुलपं बरी. डॉक्टरांनाही बरीच वर्षं तसंच वाटत होतं. गेल्या काही वर्षांत मोठाल्या चाचण्या झाल्या आणि हा समज मागे पडला.

२०१९ साली ‘ऑगस्टस’ नावाच्या चाचणीचे निकाल आले. हृदयाचे ठोके अनियमित असलेले आणि नुकताच हार्ट अ‍ॅटॅक आलेले किंवा स्टेंट बसवलेले ४,६१४ रुग्ण त्यात होते. त्यांपैकी ज्यांना अ‍ॅस्पिरिन दिलं नाही, त्यांच्यात रक्तस्राव पुष्कळ कमी झाला. म्हणून आता बहुतेकांना तिन्ही गोळ्या एकत्र थोडेच दिवस देतात, आठवडाभर आणि फार तर महिनाभर. मग अ‍ॅस्पिरिन थांबतं. उरलेल्या दोन सहा महिने किंवा हार्ट अ‍ॅटॅक येऊन गेला असेल तर वर्षभर.

आणि वर्षानंतर? त्याच २०१९ साली जपानमधल्या ‘अफायर’ चाचणीचा निकाल आला. तिथे २,२३६ रुग्ण होते. सगळ्यांचे ठोके अनियमित आणि हृदयाच्या नळ्यांचा आजार, पण तो आता स्थिरावलेला. निम्म्यांना नुसतं रिव्हरॉक्सॅबान दिलं, निम्म्यांना त्याच्या जोडीला प्लेटलेट्सची एक गोळी. दोन गोळ्या घेणाऱ्यांमध्ये मृत्यू जास्त दिसू लागले, म्हणून चाचणी ठरल्यापेक्षा आधीच थांबवावी लागली. २०२४ मध्ये दक्षिण कोरियातल्या एडॉक्सॅबानच्या चाचणीतही एकाच गोळीची बाजू सरस ठरली. २०२५ मध्ये फ्रान्समध्ये स्टेंट बसवलेल्या आणि अधिक धोका असलेल्या ८७२ रुग्णांना घेऊन पाहिलं. तिथेही अ‍ॅस्पिरिन जोडलेल्या गटात रक्तस्राव आणि मृत्यू दोन्ही जास्त. तीही चाचणी आधीच आवरावी लागली.

थोडक्यात, एक वर्ष सुखरूप पार पडलं की अशा बहुतेक रुग्णांना ठोक्यांसाठीची एकच गोळी पुरते. तीच दोन्हीकडे राखण करते. वरच्या जादा गोळीनं रक्षण वाढत नाही, रक्तस्राव मात्र वाढतो.

‘बहुतेक’ हा शब्द मी मुद्दाम घातला आहे. एखाद्याचा स्टेंट अवघड जागी असतो, एखाद्याला पुन्हा अ‍ॅटॅक आलेला असतो. त्यांचा हिशेब वेगळा. आणि ज्यांना हृदयात धातूची झडप बसवली आहे किंवा लहानपणी सांधे सुजवणारा ताप येऊन गेल्यामुळे ज्यांची झडप बरीच आकसलेली आहे (हा आजार आपल्या बायकांत पुष्कळ आढळतो), त्यांना नव्या गोळ्या चालत नाहीत. त्यांना वॉर्फरिन किंवा असेनोकुमारॉलच घ्यावं लागतं. म्हणून शेजारणीच्या यजमानांची गोळी बघून आपल्या घरचा निर्णय करू नका. काय थांबवायचं, कधी थांबवायचं हे डॉक्टरच ठरवतील. आपण विचारायचं मात्र नक्की.

घाबरून सगळंच सोडू नका

आता नाण्याची दुसरी बाजू. इस्पितळातून घरी आल्यावर हे म्हणाले, ‘‘आता एकही गोळी नको. जगायचं तसं जगेन.’’ मला क्षणभर तेही पटलं. इतकं रक्त पाहिल्यावर कुणालाही पटेल.

पण मला आमच्या वन्सं आठवल्या. त्यांचे ठोके अनियमित होते, वॉर्फरिन चालू होतं. कुणीतरी त्यांना सांगितलं, ‘अहो, ते तर उंदराचं औषध!’ वन्संनी गोळी गुपचूप बंद केली आणि काढा सुरू केला. आठ महिन्यांनी एका सकाळी चहाचा कप हातातून निसटला. तेव्हापासून उजवा हात चालत नाही आणि वाचाही गेली. कीर्तनाला टाळ धरणारी बाई आता नुसती डोळ्यांनी बोलते.

उंदराचं औषध ही गोष्ट खोटी नाही. मात्र ती अर्धीच सांगितली जाते. १९२० च्या सुमारास अमेरिका आणि कॅनडात कुजकं गवत खाऊन गुरं रक्तस्रावानं मरत होती. १९३३ मध्ये विस्कॉन्सिनचा एक शेतकरी हिमवादळातून मेलेली कालवड आणि न गोठणाऱ्या रक्ताचा कॅन घेऊन कार्ल पॉल लिंक या शास्त्रज्ञाच्या प्रयोगशाळेत गेला. त्यातून गवतातलं द्रव्य सापडलं आणि पुढे त्यावरून वॉर्फरिन तयार झालं. १९४८ पासून ते उंदरांसाठी विकलं जाऊ लागलं, आणि १९५४ मध्ये अगदी लहान मात्रेत माणसांसाठी मान्य झालं. पुढच्याच वर्षी अमेरिकेचे अध्यक्ष आयझेनहॉवर यांना हार्ट अ‍ॅटॅक आला तेव्हा त्यांनाही तेच दिलं. चिमूटभर मीठ चव आणतं, मूठभर घातलं तर भाजी फेकावी लागते. औषधाचंही तसंच.

नियमानं घेतलं तर हे औषध अर्धांगवायूचा धोका साधारण दोन-तृतीयांशानं कमी करतं. म्हणून ह्यांची जखम भरत आल्यावर डॉक्टरीणबाईंनी दोन गोळ्या कायमच्या बंद केल्या, पण अ‍ॅपिक्सॅबान पुन्हा सुरू केली. जोडीला जठर सांभाळायची गोळी दिली. हे कुरकुरले. मी वन्संचं नाव काढलं, तसे गप्प बसले.

आपल्या स्वयंपाकघरातून

आता रोजच्या व्यवहारातल्या काही गोष्टी.

वॉर्फरिन किंवा असेनोकुमारॉल चालू असेल तर पालेभाजी बंद करायची नाही, पण तिचं प्रमाण सारखं ठेवायचं. पालक, मेथी, कोबी यांत के जीवनसत्त्व असतं आणि ते या औषधाच्या उलट काम करतं. महिनाभर भाजी नाही आणि बाजारात स्वस्त झाली म्हणून आठवडाभर रोज मेथी, असं नको. आठवड्यातून ठरावीक वेळा, ठरावीक वाटी. या औषधासाठी आयएनआर ही रक्ततपासणी करत राहावी लागते. बहुतेकांचा आकडा २ ते ३ च्या दरम्यान हवा. धातूची झडप असेल तर डॉक्टर वेगळा सांगतील. नव्या गोळ्यांना ही तपासणी लागत नाही आणि पालेभाजीचीही अडचण नाही. मात्र मूत्रपिंडाची तपासणी वर्षातून एकदा तरी करावी, कारण मात्रा त्यावर ठरते.

रिव्हरॉक्सॅबानची १५ किंवा २० मिलिग्रॅमची गोळी जेवणाबरोबरच घ्यायची, नाही तर ती नीट भिनत नाही. तेव्हा चतुर्थी-एकादशीला निरंकार उपास असेल तर डॉक्टरांना आधी विचारा. देवाला उपाशी रुग्ण नको असतो, असं आमच्या सासूबाई म्हणत.

डॅबिगॅट्रानची कॅप्सूल फोडून घालायची नाही. ती दमटपणानं खराब होते, म्हणून आपल्या आठवड्याच्या डब्यात न काढता मूळ पाकिटातच ठेवायची.

गोळी विसरली म्हणून पुढच्या वेळी दोन एकदम कधीही नकोत.

गुडघा, कंबर, डोकं दुखलं तर आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक अशा गोळ्या मनानं देऊ नका. माझी चूक तुम्ही करू नका. फोडणीतला लसूण आणि भाजीतली हळद खुशाल असू द्या, पण त्यांचे अर्क, कॅप्सुला, काढे डॉक्टरांना विचारल्याशिवाय नकोत. दात काढायचा असेल, कुठलं ऑपरेशन असेल, नवं अँटिबायोटिक दिलं असेल तर ‘रक्ताची गोळी चालू आहे’ हे पहिलं वाक्य असू द्या.

ही गोळी तुम्हाला स्वतःलाच चालू असेल तर आणखी दोन गोष्टी. पाळी जास्त जात असेल तर अंगावर काढू नका. आणि दिवस जाण्याचा संभव असेल तर आधीच डॉक्टरांशी बोला, कारण वॉर्फरिननं पोटातल्या बाळाला अपाय होऊ शकतो, आणि नव्या गोळ्याही गरोदरपणी देत नाहीत.

खुणा ओळखा

डांबरासारखं काळं शौच, लाल लघवी, रक्ताची उलटी, न थांबणारा घोळणा, डोक्याला मार (वरून काही दिसत नसलं तरी), अचानक असह्य डोकेदुखी. यांतलं काहीही झालं तर त्याच दिवशी नव्हे, त्याच तासाला इस्पितळ गाठायचं.

तोंड वाकडं झालं, एक हात लुळा पडला, बोलणं अडखळलं तर अर्धांगवायू समजा आणि १०८ ला फोन करा. तोंडात पाणी किंवा गोळी घालू नका. किती वाजता सुरू झालं आणि शेवटची गोळी कधी घेतली होती, ह्या दोन वेळा डॉक्टरांना सांगा. उपचार त्यावर ठरतात.

आणि पासष्टीच्या पुढच्या प्रत्येकाची नाडी अधूनमधून बघा. अंगठ्याच्या मुळाशी मनगटावर तीन बोटं ठेवा आणि पूर्ण मिनिट मोजा. ठोक्यांना ताल नसेल, कधी भरभर कधी थांबून असे वाटले तर कार्डिओग्राम काढून घ्या. पुष्कळांना या आजाराचा काहीच त्रास जाणवत नाही, पहिली खूण म्हणून थेट झटकाच येतो.

चार प्रश्न

पुढच्या वेळी डॉक्टरांकडे जाल तेव्हा हे चार प्रश्न कागदावर लिहून न्या. संकोच करू नका. आपण भाजीवाल्याला चार प्रश्न विचारतो, मग इथे का नाही?

१. यातली कुठली गोळी कशासाठी आहे?

२. प्रत्येक गोळी कुठल्या तारखेपर्यंत द्यायची?

३. वर्ष झालं आहे, आता यातली एखादी कमी करता येईल का?

४. गोळी थांबवावी लागली तर किती दिवस, आणि पुन्हा कधी सुरू करायची?

उत्तरं तिथेच लिहून घ्या. मी आता प्रत्येक पट्टीवर चिकटपट्टी लावून तारीख घालते, लोणच्याच्या बरणीवर घालतो तशी. डब्याच्या झाकणाच्या आत कार्डाचं ते तिसरं पान डकवलं आहे.

ह्यांचं हिमोग्लोबिन आता १३ आहे. संध्याकाळी फिरायला जातात, मनगटावर डाग नाहीत. डब्यातले खण पूर्वीपेक्षा मोकळे दिसतात. सुरुवातीला ते मोकळे खण बघून मला धास्ती वाटायची, काही राहिलं तर नाही ना? आता नाही वाटत.

येत्या रविवारी डबा भरायला बसाल तेव्हा पट्ट्या काढण्याआधी घरातलं कार्ड काढा. आणि त्याचं शेवटचं पान उलटून बघा. एवढं एक काम माझ्यासाठी करा.